दगडी डोणीवरची वरात

शालन आणि मी, दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बेदाणा निवडणं.

हंगाम संपत आला होता. ओसरीवर पोतं अंथरून आम्ही समोरासमोर बसलो होतो, मधे सूप. घरच्यासाठी ठेवलेला बेदाणा, गंधकाची धुरी न दिलेला, त्यामुळं दिसायला काळपट. व्यापारी त्याला नाक मुरडतो. शालनला तोच आवडायचा. वैशाली ही आमची एकुलती एक लेक. लग्नानंतर ती इंग्लंडात केंब्रिजला असते, तिथं एका लॅबमध्ये काम करते. तिला दिवस राहिले होते आणि बाळंतपणाला आम्ही दोघं जाणार होतो. तो बेदाणा तिच्यासाठी होता.

"काड्या नीट काढा," शालन म्हणाली. "दातात अडकली तर पोरगी लगीच वळखंल, आप्पांनी निवडलाय म्हणून."

"आणि तू निवडल्यात काडीच नसती, व्हय?"

"एक काढून दावा की मग."

मी चष्मा लावून तिच्या बाजूचा ढीग चिवडत बसलो. दिवेलागण झाली तरी चिवडत होतो. एक काडी सापडली नाही. ती माझ्याकडं बघत नव्हती, पण गालातल्या गालात हसत होती. मग तिनं सगळा बेदाणा पुन्हा एकदा पाखडला, माझ्या जुन्या धोतराच्या पिशवीत भरला आणि पिशवीचं तोंड बांधलं. जन्मभर तिनं द्राक्षाच्या वेली सुतळीनं तारेला बांधल्या. तिनं मारलेली गाठ दात लावल्याशिवाय सुटायची नाही.

सकाळी मी चहा ठेवला आणि हाक मारली. ती उठली नाही. झोपेतच गेली होती.

पाच महिन्यांनी मी एकटाच इंग्लंडला गेलो आणि आता परत आलोय. तासगावच्या बाजारात, बसस्टँडवर, सोसायटीच्या पायरीवर जो भेटेल तो विचारतो, "आप्पा, कसं हाय इंग्लंड?" प्रत्येकाला सांगून जीभ दुखायला लागली. म्हणून एकदाच लिहून काढतोय. माझं शिक्षण सातवी. लिहिण्यात चुका असतील त्या तुमच्या तुम्ही दुरुस्त करून घ्या.

विमानतळ

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. बसायचं आणि अवघडायचं.

हीथ्रोला उतरल्यावर मात्र पिशवीवरून अडलं. मशीनमधून बॅग गेली आणि त्यांनी मला बाजूला घेतलं. समोर पगडीवाला सरदार अधिकारी. मला हायसं वाटलं, म्हटलं आता हिंदीत बोलता येईल. पण माझं हिंदी म्हणजे बैलबाजारातलं.

"बाबाजी, इसमें क्या है?"

"किशमिश. घर का."

"खोलके दिखाइए."

"नहीं खोलेगा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "क्यूं नहीं खोलेंगे?"

"बायको ने बांध्या है."

"तो उनको बुलाइए, वो खोल देंगी."

"वो नहीं है अब."

तो पुढं वाकला. गाठ त्यानं बोटानं चाचपून बघितली. मग पिशवी पुन्हा मशीनमधून फिरवली, पडद्यावर बराच वेळ बघितलं आणि दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली, देवळात नारळ देतात तशी. "जाइए बाबाजी," म्हणाला.

बाहेर वैशाली उभी होती, बाजूला जावई अमोल, आणि वैशालीच्या छातीशी बांधलेल्या झोळीत पाच आठवड्यांची पोर. वैशालीनं पाया पडायला वाकायचं बघितलं, पण झोळीमुळं जमेना. मीच तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिची नजर माझ्या हातातल्या पिशवीवर गेली.

"आईचा बेदाणा?"

"हो."

"दुखवट्याला आले तेव्हापासून तसाच बांधलेला आहे?"

"तसाच हाय. आणि तसाच राहील."

तिनं माझी बॅग अमोलकडं सरकवली. आमच्यातली कुरबूर तिथूनच सुरू झाली.

केंब्रिज, घर

कुरबूर कशाची ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. गुढी उभी राहत नाही, दिवाळीला कढई चढत नाही, शेजारचे फराळ आणून देतात. पोर झाली तेव्हा मी फोनवर बजावलं होतं, आईचं वर्ष होईपर्यंत बारसं करायचं नाही. पाळणा नाही, गाणं नाही, पेढा नाही. बाळंतपणाला अमोलची आई नाशिकहून येऊन राहिली होती. विहीणबाई फोनवर मला म्हणाल्या, "अहो दादा, पहिली नात आहे. जन्म आणि मरण एका तराजूत घालता का तुम्ही?" मी म्हणालो, "घालतो." त्या महिनाभर राहून बारसं न करताच परत गेल्या. रागावून गेल्या, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आता तिथला कायदा असा की मूल झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत सरकारात नाव घालावं लागतं. मी गेलो तेव्हा मुदत संपत आली होती. अमोलनं अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती.

मी म्हणालो, "कागदावर नाव घाला की. मी कुठं अडवलंय? बारसं तेवढं नको."

वैशाली म्हणाली, "आप्पा, नाव आधी तिच्या कानात सांगायचं असतं. ऑफिसातल्या बाईला आधी कळणार आणि तिला नंतर?"

"वर्ष झाल्यावर सांगू."

"तोवर काय म्हणायचं तिला?"

"बाळ म्हणायचं. तुलाही वर्षभर बाळच म्हणत होतो."

"मला बाराव्या दिवशी नाव ठेवलं होतं. आईनं सांगितलंय मला."

ते खरं होतं. मी उठून बागेत गेलो.

त्यांचं घर विटांचं, लांबच लांब ओळीतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत. पुढं रस्ता आणि मागं चार खाटा मावतील एवढी बाग. कचऱ्याला तीन रंगांचे डबे, आणि कुठल्या आठवड्यात कुठला रंग बाहेर ठेवायचा हे अमोल मोबाईलमध्ये बघतो. मी चुकून निळा ठेवला तर कचऱ्याच्या गाडीवाल्यानं नुसती मान हलवली आणि गाडी पुढं काढली. तिथं कुणी ओरडत नाही. त्यानं जास्त वाईट वाटतं.

बाळंतिणीला तिथं शेक नाही, शेगडी नाही, कानाला फडकं नाही. दहाव्या दिवशी वैशाली पोर बाबागाडीत घालून बाहेर हिंडायला लागली म्हणे. मी शालनच्या जागी आलोय, तर काहीतरी करावं म्हणून डिंकाचे लाडू करायला घेतले. शालन करायची तेव्हा मी ओसरीवरून वास घ्यायचो, चुलीपाशी कधी बसलो नव्हतो. डिंक तळताना तूप जास्त तापलं, धूर झाला आणि छताला लावलेलं एक यंत्र कोकलायला लागलं. कानठळ्या बसल्या. अमोल वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, तो कानाला मशीन लावल्यासकट खाली पळत आला आणि टॉवेलनं वारा घालायला लागला.

"सॉरी, सॉरी, माय फादर-इन-लॉ इज कुकिंग!" तो मीटिंगला सांगत होता.

पोर मात्र गाढ झोपलेली. वैशाली दारात उभी राहून हसायला लागली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आई असती तर तुम्हाला किचनबाहेर काढलं असतं." लाडू झाले ते दगडासारखे. तिनं ते दुधात भिजवून खाल्ले, रोज एक.

वेम्बली

शनिवारी आम्ही वेम्बलीला गेलो. आळीव, शेपा, ओवा असलं बाळंतिणीचं सामान आणायचं होतं. तिथला ईलिंग रोड म्हणजे इंग्लंड नव्हेच. गुजराती पाट्या, साड्यांची दुकानं, फुटपाथवर मांडलेली भेंडी आणि दोडकी, उसाच्या रसाचं यंत्र. रस्त्यात मोठ्यानं बोलणारी माणसं मला आठवडाभरात पहिल्यांदा दिसली. बरं वाटलं. द्राक्षाची पेटी दिसली म्हणून उचलून बघितली. घड चांगला होता, पण वास नव्हता. शालननं हुंगून ठेवून दिली असती. मीही ठेवली.

प्रत्येक दुकानात एकच व्हायचं. बाबागाडीत वाकून बघायचे, गाल बघून हरखायचे आणि विचारायचे, "नाम क्या रखा?" वैशाली म्हणायची, "अभी नहीं रखा." समोरचा माणूस आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघायचा. रस काढणाऱ्या बाईनं तर तोंडावर विचारलं, "क्यूं, बेन? सब ठीक है ना?" मी रस न पिताच पुढं गेलो.

भांड्यांच्या एका दुकानात छताला सुपं टांगलेली होती. बांबूची, खरी. वैशालीनं हात वर करून एक काढलं, हातात धरून फिरवलं. तिच्या आईसारखंच, आधी काठ चाचपला.

"कशाला?" मी विचारलं.

"असू दे घरात."

"इथं काय पाखडणार हायस? सगळं पिशवीत निवडून मिळतंय. ठेव."

तिनं सूप परत टांगलं. मला कळत होतं ते कशाला हवंय. पाचवीला पोराला सुपात ठेवतात, सटवाईची पूजा करतात. तिथं तेही झालं नव्हतं. विहीणबाईंनी सूप शोधलं, मिळालं नाही, आणि वर माझं बजावणं होतंच. परतीच्या रेल्वेत वैशाली खिडकीकडं तोंड करून बसली होती. बाहेर कापणी झालेली सपाट शेतं, मैलभरात माणूस नाही. मी पोरीला मांडीवर घेऊन बसलो. शालननं तिच्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, ती मी नेली होती. त्यातलंच हिरवं दुपटं पोरीभोवती होतं. ते लुगडं शालननं छाटणीच्या दिवसांत नेसलेलं मला आठवत होतं. पोर त्यात तोंड खुपसून झोपली होती.

केंब्रिज, म्युझियम

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी वैशाली म्हणाली, "आप्पा, चला, तुम्हाला एक देव दाखवते. द्राक्षाचा देव आहे. ग्रीक लोकांचा."

"द्राक्षाला देव हाय?"

"वाइनचा. म्हणजे द्राक्षाचाच."

आम्ही चालत गेलो. केंब्रिजात चालणाऱ्यापेक्षा सायकलवाले जास्त, प्रोफेसर असो की पोर. गावाच्या मधोमध कुरणात गाई चरत होत्या, तांबड्या, गुबगुबीत, कुणी राखणदार नाही. वाटेत एका पबबाहेर माणसं उन्हात ग्लास घेऊन उभी होती. बायकाही होत्या, एक आजीबाईही होती. दुपारचे चार वाजले होते आणि कुणी पडलेलं नव्हतं. मी सारखं वळून बघत होतो.

म्युझियम मोठं, खांबांचं. तिकीट नाही. आत एका दालनात पांढऱ्या दगडाची लांबट डोण ठेवलेली होती. आमच्या मळ्यात पूर्वी तशीच एक होती. बेदाण्याचे घड वाळवायच्या आधी औषधाच्या पाण्यात बुडवतात, ते आम्ही तिच्यात बुडवायचो. पुढं प्लास्टिकची टाकी आली आणि डोण म्हशीकडं गेली. ही डोण बघून मला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.

जवळ गेलो तर तिच्या अंगावर सगळी वरात कोरलेली. रथात नवरदेव रेललेला. रथाला बैल नाहीत, वाघाच्या जातीची जनावरं. बायका डफ वाजवतायत, पदराचं भान नाही. बकऱ्याच्या पायांचा एक गडी उड्या मारतोय. हत्ती आहे, त्याच्यावर माणसं बसलीत. आणि मधोमध एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला म्हातारा, एवढा प्यालेला की दोघांनी बगलेत हात घालून धरलाय, तरी पाय एकीकडं आणि मान एकीकडं.

"अगं, हा तर भीमामामा!" मी ओरडलोच.

भीमा म्हणजे शालनचा थोरला भाऊ. आमच्या लग्नाच्या वरातीत तो असाच होता. बँडवाल्याचा ढोल हिसकावून घेतला, फेटा गटारात पडला, शेवटी दोन पाहुण्यांनी असाच बगलेत धरून चालवला. मी बैलगाडीत बसलो होतो, शेजारी शालन. तिचा चेहरा मी तोवर नीट बघितलाही नव्हता. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडतीय. वाकून बघितलं तर हसत होती. मग मलाही आवरेना. नवरा-नवरी गाडीत बसून हसतायत आणि म्हातारी माणसं डोळे वटारतायत. आमची ओळख अशी झाली.

हे मी वैशालीला सांगायला लागलो आणि सांगता सांगता मला हसू फुटलं. खरंच फुटलं. पोट धरून हसलो, डोळ्याला पाणी आलं. शालन गेल्यापासून पहिल्यांदा. दालनात माझा आवाज घुमला. वैशालीही हसत होती, गाडीत पोर जागी झाली होती.

"कुठल्या राजाच्या लग्नातली डोण ही?" मी डोळे पुसत विचारलं.

वैशालीचं हसू गेलं. "आप्पा, डोण नाहीये ती. शवपेटी आहे."

"म्हणजे?"

"मेलेल्या माणसाला ठेवायची पेटी. दगडाची."

मी काठावरचा हात भाजल्यासारखा काढून घेतला. "मग आधी सांगायचं नाहीस? मढ्याच्या पेटीपुढं दात काढले मी! आणि आईचं नाव काढलं!"

माझा आवाज चढला तशी एक बाई काठी टेकत आल्या. पांढरे केस, गळ्यात ओळखपत्र. तिथं येणाऱ्यांना माहिती सांगायच्या, पगार न घेता. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी विचारलं असावं.

मी वैशालीला म्हणालो, "विचार यांना. मेलेल्या माणसाच्या पेटीवर बेवडा कोरायची ही कुठली रीत?"

वैशालीनं इंग्रजीत बराच वेळ काहीतरी विचारलं. बाई खूश झाल्या.

"काय विचारलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी रागानं म्हणालो आणि त्या हसतायत. तू साखर घातलीस."

बाईंनी माझ्या चेहऱ्याकडं बघून वैशालीला काहीतरी विचारलं. वैशाली लाजली आणि मग सांगितलं. यावेळी खरं सांगितलं असणार, कारण बाई हसून हसून काठीवर रेलल्या. मग त्या सांगायला लागल्या आणि वैशाली मला मराठीत.

देवाचं नाव डायोनायसस. दारूचा, नाचगाण्याचा, बेभान व्हायचा देव. इथं तो भारत जिंकून परत निघालाय, हत्ती त्यासाठी. मी म्हणालो, "आमच्याकडं म्हसोबाला बाटली दाखवतात, पण म्हसोबा कधी नाचत नाही. आणि आमच्या गावात प्यायला देव लागत नाही, निमित्तसुद्धा लागत नाही." बाई म्हणाल्या, इथंही तसंच आहे.

"पण पेटीवर का?"

त्यावर त्या म्हणाल्या, नक्की कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं, पलीकडंही असाच आनंद मिळावा म्हणून. "मला विचाराल तर मागं राहिलेल्यांना बघायला काहीतरी बरं असावं म्हणून. पण हे माझं मत. भिंतीवर लिहिलेलं नाही." त्यांचा नवरा गेला तेव्हा त्यांनी सगळ्यांना बोलावून वाइन दिली होती, त्यानंच सांगून ठेवलं होतं. "मी रडत होते आणि ग्लास भरत होते," असं म्हणाल्या. मला ते पटलं नाही. पण खोटंही वाटलं नाही.

मग त्यांनी मला पेटीच्या कडेला, आखूड बाजूला नेलं. तिथं दोन गडी कोरलेले, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरलेलं एक सूप. सुपात एक गुबगुबीत पोर.

मी खाली वाकलो. गुडघा टेकला. सूपच होतं. विणीसकट.

"धान्य पाखडायची टोपली," वैशाली बाईंचं सांगायला लागली. "देव लहान असताना त्याला त्यात..."

"मला दिसतंय," मी म्हणालो.

"त्याची आई तो जन्मायच्या आधीच जळून गेली. मग बापानं त्याला आपल्या मांडीत शिवून घेतलं आणि दिवस भरेपर्यंत वाढवलं."

"बापानं? बापाला कुठलं जमतंय बाळंतपण."

वैशाली माझ्याकडं बघत म्हणाली, "जमतं की, आप्पा. लाडू थोडे कडक होतात."

बाई पुढं बोलत होत्या. वैशाली मराठीत सांगायची म्हणून मी वाट बघत होतो. पण ती ऐकता ऐकता गप्प झाली. तिनं पोरीच्या गाडीवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. बाईंनाही कळलं काहीतरी. त्यांनी तिच्या दंडाला हळूच हात लावला आणि दुसऱ्या माणसांकडं गेल्या.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. चला."

नदीकाठ

नदीकाठी बाकावर बसलो. लांब काठीनं होड्या ढकलत पोरं चालली होती. एकजण काठी चिखलात रुतल्यावर तिलाच लोंबकळत राहिला आणि होडी पुढं गेली. काठावरची माणसं टाळ्या वाजवत होती. एरवी मी हसलो असतो.

वैशालीनं पोरीला पाजायला घेतलं. मग आपणच बोलली.

"तो देव मोठा झाल्यावर खाली गेला, मेलेल्या माणसांच्या मुलखात. आईला शोधलं आणि वर घेऊन आला. ते म्हणाल्या त्या."

पोरीचं दुपटं तिनं सारखं केलं.

"आप्पा, मला आईला परत आणता येत नाही. मला माहितीये ते. मला फक्त पाळणा म्हणायचाय. आई म्हणायची तसा. उद्या ते ऑफिसात नाव लिहितील आणि संपलं. मग वर्षानं तुम्ही असाल इथं? मी एकटी कुणाला घेऊन म्हणू?"

"वर्ष झालं की करू म्हणालो ना."

"तुम्ही वर्ष पाळताय ते आईसाठी का तुमच्यासाठी?"

असं तिनं मला कधी विचारलं नव्हतं. मी रागावलो. रागावून होड्या बघत राहिलो. पण खरं ते सांगतो. मला वाटत होतं, वर्ष आहे तोवर शालन घरात आहे. एकदा का पेढा वाटला, पाळणा हलला, लोक हसले, की ती गेली ती गेलीच. पिशवीची गाठही त्यासाठीच तशी ठेवली होती.

मग मला छाटणी आठवली. एप्रिलात आम्ही वेल पार खोडापर्यंत कापतो. बघवत नाही, नुसती लाकडं तारेला बांधल्यासारखी. कापलेल्या टोकातून पाणी टपकत राहतं. आणि त्याच दिवशी शालन मजुरांना गूळ-शेंगदाणे वाटत फिरायची, हिरवं लुगडं नेसून. लग्नानंतर पहिल्याच छाटणीला मी तिला टोकलं होतं, "वेल रडाय लागलाय आणि तू गोड वाटतीस?" ती म्हणाली, "रडतोय म्हंजे जित्ता हाय. सुकली काडी रडती व्हय?" आणि माझ्याही हातावर गुळाचा खडा ठेवला.

दरवर्षी ठेवायची. यंदा छाटणीला मी गेलो नाही, गड्यांनीच केली. गूळ कुणी वाटला नाही.

पोर पिऊन झाल्यावर वैशालीनं तिला माझ्या खांद्यावर दिलं. मी पाठीवर थापटत राहिलो. ढेकर आली, थोडं दूध माझ्या सदऱ्यावर आलं.

"नाव काय ठरवलंय?" मी विचारलं.

तिनं चमकून बघितलं. "वल्लरी."

"म्हणजे काय?"

"वेल, आप्पा."

"मग वेल म्हणायला काय झालं?"

ती हसली की रडली, मला सांगता यायचं नाही. दोन्ही असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी

सकाळी लवकर उठलो. अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. वैशाली आणि अमोल खाली आले तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर पंचा अंथरून बसलो होतो, पुढ्यात पिशवी.

"अपॉइंटमेंट किती वाजता?"

"अकरा," अमोल म्हणाला.

"मग वेळ हाय. तुझ्या आईला फोन लाव. त्यांना म्हणावं, दादा माफी मागतोय, आणि पाळणा म्हणायला तयार राहा. मला येत नाही."

अमोल फोन शोधायला पळाला.

वैशालीला मी म्हणालो, "वेम्बलीला सूप ठेवायला लावलं मी. आता ताट घे एखादं मोठं."

ती जिन्याखालच्या कपाटात वाकली आणि हातात सूप घेऊन आली. तेच, बांबूचं. मी भांड्यांच्या दुकानातून पुढं गेलो तेव्हा मागं फिरून आणलं होतं म्हणे, बाबागाडीखाली लपवून. अशी पोरगी. आईवर गेलीय.

मी गाठीला दात लावला. पुढचे दोन पडलेत माझे, त्यामुळं कडेच्या दातानं ओढावी लागली. सुटेना. मग एकदम सैल झाली आणि बेदाण्याचा वास आला. ओसरीचा, पोत्याचा, तिच्या हाताचा. अमोल फोन हातात धरून दारात थांबला. पलीकडून विहीणबाई काहीतरी विचारत होत्या, त्यानं त्यांना हळूच थांबवलं.

बेदाणा सुपात ओतला. मागच्या दाराच्या पायरीवर बसून एकदा पाखडला, ती करायची तसा. मला नीट जमत नाही, चार दाणे बागेत उडाले. मग सूप मांडीवर घेऊन हातानं पसरायला लागलो, वर दुपटं अंथरायचं होतं म्हणून. आणि बोटाला टोचलं.

काडी. एवढीशी, वाकडी, दाण्याला चिकटलेली.

"शालन," मी म्हणालो, "ही बघ, घावली."

वैशालीनं आतून विचारलं, "काय झालं, आप्पा?"

"काही नाही."

मी काडी सदऱ्याच्या खिशात घातली, बेदाण्यावर हिरवं दुपटं अंथरलं आणि हात पुढं केले.

"आण पोरीला."